मीठ घरात, ऊन दारात

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात माझे आजोळ आहे. काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीसाठी गावी गेलो तेव्हा मामी दारातच म्हणाल्या, "परवापसून कायबी बडबड करायलेत. नातवाला भाऊ म्हनून हाक मारायलेत. वय झालं म्हनायचं, दुसरं काय." मामा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मी आत जाऊन पाहिले, तर ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येई, पण उशिरा आणि भलतेच. ताप नव्हता, हातपाय हलत होते. घरच्यांनी या अवस्थेला 'म्हातारचळ' हे नाव देऊन टाकले होते.

त्याच रात्री मामा लघवीला उठले आणि उंबऱ्याशी पडले. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यांतल्या दोन आकड्यांनी मला विचारात पाडले. रक्तातील सोडियम ११८ होते. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे. आणि ड जीवनसत्त्व होते ९. ते निदान २० तरी असावे असे मानतात.

सोडियम म्हणजे आपल्या रोजच्या मिठातला घटक आणि ड जीवनसत्त्व म्हणजे उन्हाची देणगी. ज्या घरात मिठाची बरणी कधी रिकामी राहिली नाही आणि ज्या गावात वर्षातले आठ महिने ऊन नकोसे होते, तेथे चाळीस वर्षे रानात राबलेल्या शेतकऱ्याच्या अंगात नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडाव्यात, याचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शरीरविज्ञानातील बरेच काही शिकायला मिळते. शिवाय हे उत्तर प्रत्येक घरातल्या आजी-आजोबांच्या उपयोगाचे आहे.

मीठ कमी की पाणी जास्त?

प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर '११८ मिलिमोल प्रतिलिटर' असे लिहिलेले असते. यातला 'प्रतिलिटर' हा शब्द महत्त्वाचा आहे. हा आकडा अंगात एकूण सोडियम किती आहे हे सांगत नाही. दर लिटर पाण्यामागे ते किती आहे, म्हणजे त्याची संहती किती आहे, हे सांगतो. वरणात मीठ कमी लागते याची कारणे दोन असू शकतात. एक, मीठ कमी पडले. दुसरे, पाणी जास्त पडले. वृद्धांच्या बाबतीत पुष्कळदा दुसरे कारण खरे असते, किंवा दोन्ही एकत्र असतात.

थोडे गणित करू. मामांचे वजन होते ५० किलो. तरुण पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी असते. उतारवयात स्नायू घटल्यामुळे ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे मामांच्या शरीरात पाणी सुमारे २५ लिटर. सोडियमचा आकडा सुरुवातीला १४० होता असे धरू. आता समजा, २ लिटर साधे पाणी बाहेर न पडता अंगातच साठून राहिले. तर नवा आकडा होईल १४० × २५ ÷ २७, म्हणजे सुमारे १३०. चिमूटभरही मीठ न गमावता सोडियम 'कमी' झाले! पेशींच्या आत सोडियमऐवजी पोटॅशियम मुख्य असते, पण पाणी पेशीपटलातून दोन्ही बाजूंना मुक्तपणे जाते-येते. म्हणून हा ढोबळ हिशेब प्रत्यक्षाच्या बराच जवळ जातो.

येथे कोणीही विचारील, की माणूस जास्त पाणी प्यायला तर ते लघवीवाटे निघून जाईल. ते अंगात साठेलच कशाला?

मूत्रपिंडाची मर्यादा

तरुण आणि निरोगी माणसाचे मूत्रपिंड दिवसाला दहा लिटरहून अधिक पाणी सहज बाहेर टाकू शकते. पण त्याची एक अट आहे. मूत्रपिंडाला शुद्ध पाणी टाकता येत नाही. प्रत्येक लिटर लघवीबरोबर थोडे तरी विरघळलेले पदार्थ जावेच लागतात. हे पदार्थ म्हणजे मुख्यतः मिठातले क्षार आणि प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारा युरिया. तरुणाची लघवी अगदी पातळ झाली तरी तिच्यात लिटरमागे सुमारे ५० मिलिऑस्मोल विद्राव्य पदार्थ राहतात. (मिलिऑस्मोल हे विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक आहे.) उतारवयात लघवी पातळ करण्याची ही क्षमता घटते आणि तो आकडा १०० च्या आसपास जातो.

आता आहाराकडे पाहू. भाकरी, वरण, भाजी, दूध असे पोटभर जेवणाऱ्या माणसाकडून दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मोल पदार्थ मूत्रपिंडाकडे येतात. ६०० ला १०० ने भागले तर ६ लिटर. म्हणजे पोटभर जेवणारा म्हातारा माणूसही ६ लिटर पाणी बाहेर टाकू शकतो. पण जो दात नाहीत म्हणून, भूक नाही म्हणून, चहा-बिस्किटे आणि तांदळाच्या पेजेवर दिवस काढतो, त्याच्याकडे २०० मिलिऑस्मोलच येतात. २०० भागिले १०० म्हणजे २ लिटर. त्याहून जास्त पाणी त्याच्या मूत्रपिंडाला काढताच येत नाही. पाश्चात्त्य वैद्यकात या प्रकाराला 'चहा आणि टोस्ट' खाणाऱ्यांचा आजार म्हणतात. आपल्याकडे 'चहा आणि पेज' म्हणता येईल.

मामांचे असेच झाले होते. रक्तदाब वाढला म्हणून घरच्यांनी जेवणातले मीठ जवळजवळ बंद केले होते. दातांच्या त्रासाने भाकरी सुटली होती. 'उन्हाळा आहे, भरपूर पाणी पाजा' असे जो तो सांगत होता, आणि मामी प्रेमाने तांब्यामागून तांब्या देत होत्या. चहा, पेज आणि पाणी मिळून रोज साडेतीन लिटर पोटात जात असे. घाम आणि श्वास यांतून एक लिटर गेले आणि मूत्रपिंडाने जास्तीत जास्त दोन लिटर काढले, असे धरले तरी रोज अर्धा लिटर शिल्लक राहते. चार दिवसांत दोन लिटर! वरच्या हिशेबातले १३० येथेच आले. मग ११८ कसे झाले?

गोळी आणि संप्रेरक

दोन आठवड्यांपूर्वी मामांना रक्तदाबासाठी नवी गोळी सुरू झाली होती. ती थायाझाइड गटातली होती. खेड्यात तिला 'पाण्याची गोळी' किंवा 'लघवीची गोळी' म्हणतात. ही गोळी स्वस्त आहे, उपयुक्त आहे आणि तिने असंख्य लोकांना पक्षाघातापासून वाचवले आहे. ती मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या ज्या भागात काम करते, त्याच भागात लघवीतून मीठ परत ओढून घेऊन ती पातळ केली जाते. गोळी हे मीठ परत घेणे अडवते. त्यामुळे मीठ लघवीवाटे जाते आणि लघवी पुरेशी पातळही होत नाही. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. पण काही वृद्धांत, विशेषतः सडपातळ वृद्ध स्त्रियांत, गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सोडियम घसरते. नैराश्यावरची काही औषधे आणि आकडीवरचे कार्बामाझेपिन यांनीही असे होऊ शकते.

याच्या जोडीला असते व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते स्रवते आणि मूत्रपिंडाला 'पाणी राखून ठेव' असा निरोप देते. एरवी रक्त पातळ झाले की हा निरोप थांबतो. परंतु वेदना, मळमळ, फुप्फुसाचा संसर्ग, काही औषधे यांमुळे तो चुकीच्या वेळीही चालू राहतो. घामावाटे आणि जुलाबावाटे मीठ व पाणी दोन्ही गेले असता शरीर आधी रक्ताचे आकारमान सांभाळू पाहते आणि रक्त पातळ असूनही हे संप्रेरक स्रवत राहते. अशा वेळी वरून केवळ साधे पाणी पीत राहिले, तर सोडियम आणखी खाली जाते.

सुजलेला मेंदू

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. काही बेदाणे साध्या पाण्यात आणि काही मिठाच्या दाट द्रावणात टाकून ठेवा. साध्या पाण्यातले बेदाणे टम्म फुगतात. दाट द्रावणातले तसे फुगत नाहीत. पाणी पटलातून विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. हेच परासरण. रक्त पातळ झाले की शरीरातली प्रत्येक पेशी बेदाण्यासारखी थोडी फुगते. हातापायांच्या पेशी फुगल्या तर फारसे बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत आहे. त्याला फुगायला जागा नाही. म्हणून सोडियम घसरले की लक्षणे मेंदूची दिसतात. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, आणि घसरण वेगाची असेल तर झटके येतात.

घसरण सावकाश असेल तर मेंदूच्या पेशी दोन दिवसांत आपल्यातले काही विद्राव्य पदार्थ बाहेर टाकून सूज उतरवतात. ही सोय मोठी हुशारीची आहे, पण तीच उपचारात धोक्याची ठरते. मीठ कमी आहे म्हणून दाट सलाइन भराभर दिले, तर पातळपणाला सरावलेल्या या पेशी एकदम आकसतात आणि मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट होऊ शकते. या दुखापतीचे वर्णन १९५९ मध्ये ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम केले. म्हणून आज डॉक्टर चोवीस तासांत सोडियम साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. मामांची गोळी बंद केली, साधे पाणी मोजून दिले आणि दर काही तासांनी रक्त तपासत तीन दिवसांत ११८ वरून १३२ पर्यंत आणले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला त्याच्या नावाने हाक मारली. म्हातारचळ नव्हता, मेंदूला सूज होती.

नाशिकचा जुना धडा

आता दुसरा आकडा, ड जीवनसत्त्वाचा ९.

हिंगोलीसारख्या प्रदेशात उन्हाचा तुटवडा कसा होईल, ही शंका नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच तिचे उत्तर मिळाले होते. एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांनी नाशिकमध्ये लहान मुलांतील मुडदूस आणि मोठ्यांतील हाडे मऊ होण्याचा विकार यांची पाहणी करून तिचा वृत्तांत १९२२ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी मुडदूस आहारामुळे होतो की अंधारामुळे, यावर युरोपात वाद चालू होता. नाशिकला दिसले ते असे: खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या स्त्रिया आणि घराबाहेर न पडणारी त्यांची मुले यांना विकार होत होता. त्याच शहरातली गरिबांची मुले निकृष्ट अन्नावर वाढत होती, पण उन्हात असल्यामुळे बहुतांशी सुटत होती. शहरावर ऊन सारखेच पडत होते. फरक होता तो भिंतीच्या कोणत्या बाजूला कोण बसले आहे याचा.

आज तोच पडदा वयाचा आहे. मामा रानात जात होते तोवर त्यांना ड जीवनसत्त्वाची चिंता नव्हती. गुडघे दुखू लागल्यावर दोन वर्षे ते माजघरात खाटेवर होते. साठवलेले ड काही आठवडे ते काही महिने पुरते. दोन वर्षे पुरत नाही.

शिवाय वयाचा परिणाम कातडीवरही होतो. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक पूर्वज रेणू असतो. त्याच्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण पडले की त्याचे एक वलय उघडते आणि शरीराच्या उष्णतेने त्याचे ड जीवनसत्त्व बनते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर एकेक संस्कार होऊन ते कामाचे होते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. वयाबरोबर त्वचेतला हा पूर्वज रेणू घटतो. अमेरिकेत मॅक्लॉफ्लिन आणि होलिक यांनी १९८५ मध्ये दाखवले की ८ आणि १८ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या त्वचेच्या तुलनेत ७७ आणि ८२ वर्षांच्या व्यक्तींच्या त्वचेची क्षमता निम्म्याहूनही कमी असते. त्यात आपल्या सावळ्या रंगातील मेलॅनिन हे किरण अडवते, म्हणून आपल्याला ऊन अधिक वेळ लागते. वयस्क मूत्रपिंडाचे कामही मंदावलेले असते.

ही कमतरता मामांपुरती नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २५ ते ३५ वर्षांच्या निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्के लोकांत ड २० पेक्षा कमी आढळले. त्याच वर्षी दिल्लीतील पन्नाशीपुढच्या निरोगी लोकांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९१ टक्के निघाले. आंध्रातील तिरुपती परिसरात शेतावर काम करणाऱ्या ग्रामीण लोकांत स्थिती शहरापेक्षा बरी होती, तरी कमतरता होतीच. ज्या आहारात कॅल्शियम कमी आणि धान्यातील फायटेट जास्त, त्या आहारावर शरीर ड जीवनसत्त्व लवकर संपवते, हेही त्याचे एक कारण आहे.

सावली मोजा

'आमचे आजोबा तर रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसतात,' असे विद्यार्थी सांगतील. थंडीत सात-साडेसातला शाल पांघरून ओट्यावर बसलेले आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या उन्हाने ऊब मिळते, मन प्रसन्न होते. पण ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. सूर्य क्षितिजालगत असताना त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेतला ओझोन अतिनील-ब किरण जवळजवळ सर्व शोषून घेतो. खिडकीच्या काचेतूनही हे किरण येत नाहीत.

मग कोणते ऊन चालेल? याची एक सोपी कसोटी आहे. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, म्हणजे सूर्य ४५ अंशांपेक्षा वर असेल, तेव्हा अतिनील-ब किरण पुरेसे येत असतात. हिंगोलीचे अक्षांश सुमारे १९.७ उत्तर. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य सर्वांत वर येतो तेव्हा त्याची उंची ९० − १९.७ − २३.४, म्हणजे सुमारे ४७ अंश असते. याचा अर्थ, हिंगोलीत वर्षातल्या सर्वांत लांब सावलीच्या दिवशीही भरदुपारची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच राहते. लंडनला त्याच दिवशी दुपारची सावली उंचीच्या सुमारे पावणेचारपट असते! तेथे हिवाळ्यात उन्हात बसून ड मिळत नाही. आपल्याकडे बाराही महिने मिळू शकते. वेळ मात्र निवडावी लागते. डिसेंबरअखेर साधारण साडेअकरा ते एक, तर मे महिन्यात सकाळी नऊनंतर लगेच. मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात येथे सूर्य डोक्यावरून जातो आणि सावली क्षणभर नाहीशी होते. पण म्हणून मेच्या दुपारी आजोबांना उन्हात बसवायचे नाही. उष्माघाताचा धोका कितीतरी मोठा आहे. उन्हाळ्यात नऊ ते दहा ही वेळ पुरे. चेहरा, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून पंधरा ते तीस मिनिटे बसावे. कातडी भाजू देऊ नये. हा अंदाज आहे. अगदी वयस्क माणसाला एवढ्यानेही भागेल असे नाही.

दोन वाटा, एक उंबरा

सोडियम आणि ड जीवनसत्त्व यांची गोष्ट वेगवेगळी वाटते, पण दोन्ही वाटा मामांच्या उंबऱ्याशी येऊन मिळाल्या.

ड कमी झाले की कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. मग रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी परावटु ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून काढून घेते. हाडे कमजोर होतात. मांड्यांचे स्नायूही दुबळे होतात. बसलेल्या जागेवरून उठताना हाताचा आधार लागतो. दुसऱ्या बाजूला, सोडियम थोडेसे जरी कमी असले, तरी तोल जातो. बेल्जियममधील रेनेबूग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'लक्षणे नसलेल्या' १२२ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी २१ टक्के पडून दवाखान्यात आले होते. तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांत हे प्रमाण ५ टक्के होते. कमी सोडियम असलेल्यांची चाल थोडी दारू घेतल्यासारखी डळमळत होती. शिवाय शरीरातले सुमारे एक तृतीयांश सोडियम हाडांतच असते. व्हर्बालिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की दीर्घकाळ सोडियम कमी ठेवलेल्या उंदरांच्या हाडांची घनता सुमारे ३० टक्क्यांनी घटते, कारण हाडे झिजवणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे एक कमतरता पाडते, दुसरी मोडते. आणि पहिलीही मोडायला हातभार लावते.

काय करावे, काय करू नये

हे वाचून कोणी आजोबांच्या ताटात मीठ वाढू लागेल, तर ते चुकीचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि आपण त्याहून बरेच जास्त खातो. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो, हे खरेच आहे. गोळी आपल्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे. आणि उन्हात राबणाऱ्याने पाणी कमी प्यावे, असाही याचा अर्थ नाही. करण्याजोगे आहे ते असे:

नवी पाण्याची गोळी सुरू झाली असेल, तर दोन-तीन आठवड्यांत सोडियमची तपासणी करावी की काय, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ही तपासणी साधी आहे.

वृद्ध माणसाचे जेवण कमी झाले असेल, तर तिकडे आधी लक्ष द्यावे. वरण, दूध, ताक, मऊ केलेली भाकरी, अंडे चालत असल्यास अंडे असे काही पोटात गेले पाहिजे. जेवणाऐवजी पाणी पाजू नये. जुलाब झाले तर साध्या पाण्याऐवजी क्षार-साखरेचे द्रावण द्यावे. पाकिटातल्या प्रमाणित द्रावणात लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल असते.

काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, तर ते वय नव्हे. वय एका रात्रीत होत नाही. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ऊन आणि आहार हा पाया. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना औषध लागते. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांवर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८०० एकके ड आणि कॅल्शियम दिल्याने खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. पण अमेरिकेत ड कमी आहे की नाही हे न पाहता निरोगी प्रौढांना रोज २,००० एकके दिली, तेव्हा अस्थिभंग कमी झाले नाहीत, असे २०२२ मध्ये दिसले. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा ५ लाख एककांचा मोठा डोस दिला, तर वृद्ध स्त्रिया उलट जास्त पडल्या. हे २०१० चे. ज्याला कमी आहे त्याला द्यावे, आणि बेताने द्यावे. आपल्याकडे ६०,००० एककांच्या पुड्या मिळतात. त्या आठवड्याला एक अशा ठरावीक आठवडेच घ्यायच्या असतात. चुकून रोज घेतल्यास किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते. जास्त झालेले लघवीवाटे निघून जात नाही.

शिक्षकांसाठी

शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी उभी करा. दर पंधरा दिवसांनी सकाळी नऊ, दहा, बारा आणि दुपारी तीन वाजता तिची सावली मोजून वहीत लिहा. वर्षाअखेर आलेख काढा. सावली एक मीटरपेक्षा आखूड कधी होती, ते तास रंगवा. अक्षांश, ऋतू, त्रिकोणमिती आणि आरोग्य असे चार विषय एका काठीत सापडतील. मग प्रत्येक विद्यार्थ्याला एकच घरचा अभ्यास द्या: रंगवलेल्या त्या तासांत माझी आजी किंवा आजोबा कोठे असतात, आणि दिवसभरात त्यांच्या पोटात काय जाते?

मामा आता काठी घेऊन चालतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांची खाट माजघरातून ओसरीच्या कडेला हलवली. थंडीत दुपारी बाराला मामी त्यांना अंगणात बसवतात आणि समोर ताकभाकरी ठेवतात. नातू खडूने त्यांच्या सावलीच्या टोकाशी रेघ मारतो. रेघ आखूड झाली की ओरडतो, "आबा, चालू झालं!" दोन दिवस आधी आम्हाला हे कळले असते, तर ती काठी कदाचित लागली नसती.